भूकंपानंतर घरबसल्या नकाशे काढून खरंच मदत होते का?

रेघोट्या:
नमस्कार मंडळी, इथे बरीच जाणकार माणसं आहेत म्हणून विचारतेय. आमचा एक छोटा ग्रुप आहे, सगळे संगणकवाले, दोघींना क्यूजीआयएस (नकाशे बनवायचं सॉफ्टवेअर) चांगलं येतं आणि बाकीच्यांना वेबसाइट वगैरे बनवता येते. कुठे मोठा भूकंप झाला की ग्रुपवर दरवेळी तेच, काहीतरी केलं पाहिजे यार, मग कोणी थोडे पैसे पाठवतं आणि दोन दिवसांत सगळे गप्प. या वेळी ठरवलंय की आधीच काहीतरी तयार करून ठेवायचं.

डोक्यात असं आहे की एक वेबसाइट, तिच्यावर नकाशा, ज्याला मदत हवी त्याने पिन टाकायची, ज्याच्याकडे पाणी-तंबू-गाडी आहे त्यानेही पिन टाकायची, आणि आम्ही सॅटेलाइट फोटो बघून पडलेल्या इमारती लाल करत जायच्या. हैतीच्या भूकंपात लोकांनी घरबसल्या ओपनस्ट्रीटमॅपवर (लोकांनीच मिळून बनवलेला खुला नकाशा) काम केलं होतं एवढं वाचलंय, पण गूगल मॅप असताना दुसरा नकाशा कशाला हे काही मला कळलेलं नाही. हे सगळं करण्यात अर्थ आहे का, की आपलं उगाच मनाचं समाधान? स्पष्ट सांगितलंत तरी चालेल.

जुना_मॅपर:
स्पष्ट सांगा म्हणताय तर सांगतो, वेबसाइट बनवू नका. अर्थ आहे, भरपूर आहे, पण तुम्ही जिथे शोधताय तिथे नाही.

आधी गूगलचं. गूगल मॅप बघायला छान आहे, पण त्यातला डेटा उचलून तुम्ही आपल्या जीपीएस यंत्रात टाकू शकत नाही, हवा तसा छापून वाटू शकत नाही, आणि एखाद्या गावात रस्ताच दाखवलेला नसेल तर कळवून वाट बघत बसावं लागतं. ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा कोणीही डाउनलोड करू शकतो, कोणीही दुरुस्त करू शकतो, दुरुस्ती लगेच डेटाबेसमध्ये जाते. भूकंपात मोबाइलचे टॉवर झोपलेले असतात, त्यामुळे नेट नसताना फोनमध्ये चालणारा नकाशा हीच निम्मी लढाई आहे. ऑस्मअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्स ही अ‍ॅपं याच डेटावर चालतात.

हैतीचा भूकंप १२ जानेवारी २०१० चा, ७.० चा. त्या दिवशी पोर्ट-ओ-प्रिन्सचा ओपनस्ट्रीटमॅप बघितला असता तर चार-दोन मोठे रस्ते आणि बाकी सगळा पांढरा कागद. सॅटेलाइट कंपन्यांनी ताजे फोटो खुले केले आणि जगभरातून शेकडो लोकांनी त्यावरून गल्लीबोळ, इमारती, लोकांनी मोकळ्या जागेत ठोकलेले तंबू असं सगळं काढलं. बाहेरून आलेल्या बचाव पथकांनी तोच डेटा आपल्या गार्मिनच्या जीपीएस यंत्रांत भरून वापरला. त्याच वर्षी ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम, म्हणजे हॉट, रीतसर संस्था झाली. आज कुठेही भूकंप झाला की त्यांच्या टास्किंग मॅनेजर या वेबसाइटवर काम लागतं.

ते चालतं कसं तर सगळा भाग चौकोनांत कापलेला असतो, तुम्ही एक चौकोन घेतला की तो दुसऱ्या कोणाला मिळत नाही, आणि घेऊन विसरून गेलात तर दोन तासांनी आपोआप सुटतो. फोटो बघून घरं आणि रस्ते काढायचे, झालं म्हणून नोंदवायचं, मग दुसरा अनुभवी माणूस तपासतो.

ऐकायला सोपं आहे पण पहिल्याच घराला लोक चुकतात. फोटो बहुतेक वेळा थोडा तिरका घेतलेला असतो, त्यामुळे उंच इमारतीचं छप्पर एका बाजूला कललेलं दिसतं आणि एक भिंतही दिसते. नवीन माणूस छप्पर आणि भिंत दोन्ही मिळून एकच आकार काढतो, घर आहे त्यापेक्षा दीडपट मोठं होतं. काढायचं छप्पर, कीबोर्डवरचं क्यू दाबून कोपरे काटकोनात आणायचे, आणि मग तो अख्खा आकार सरकवून भिंत जमिनीला टेकते तिथे नेऊन ठेवायचा. डोंगराळ भागात तर फोटोच जागेवरून सरकलेला असतो, कधी दहा मीटर कधी वीस, तेव्हा आधी काढलेल्या रस्त्यांशी किंवा कोणाच्या जीपीएस ट्रॅकशी जुळवून घेतल्याशिवाय एक रेघही ओढू नका. नाहीतर तुमची घरं नदीत आणि नदी शेतात.

मालवाहू:
जुना_मॅपर बरोबर बोलतायत, मी पलीकडच्या बाजूने सांगतो, कारण माझं काम सामान पोचवण्याचं आहे. नकाशा आम्ही वापरतो, काढत नाही.

आम्हाला काय लागतं ते ऐका. ट्रक कुठपर्यंत जाईल. पूल आहे का, आणि उभा आहे का. पुढे ट्रक जात नसेल तर छोटी गाडी जाते का, तीही नसेल तर पायवाट कुठून आहे. तिकडे वस्ती किती घरांची आहे म्हणजे ताडपत्री किती भरायची. बस. कोणती इमारत लाल आणि कोणती केशरी हे बघायला पहिल्या आठवड्यात कोणाला वेळ नसतो.

नेपाळचं उदाहरण घ्या. २५ एप्रिल २०१५, ७.८ चा भूकंप, मग १२ मेला परत ७.३ चा. गोरखा, सिंधुपालचोक अशा जिल्ह्यांत कितीतरी गावांना गाडीरस्ता मुळातच नव्हता, जो होता तो दरडींनी बंद. जागतिक अन्न कार्यक्रमाने तिथे हमाल आणि खेचरं लावून सामान वर नेलं. आता विचार करा, कोणीतरी हजारो मैलांवर बसून फोटोतली ती केसासारखी पायवाट नकाशात ओढली असेल तर तिची किंमत काय. शहरातली प्रत्येक बाल्कनी काढण्यापेक्षा डोंगरातली एक पायवाट काढा असं मी कोणालाही सांगेन.

आता तुमच्या पिनांबद्दल. पिन टाकणारे हजार असतात, पिन काढणारा एकही नसतो!! एकाच पडक्या इमारतीसाठी चाळीस लोक चाळीस पिना टाकतात, चुलतभाऊ, मित्र, ओळखीचा कोणीतरी, सगळे तळमळीनेच टाकतात. माणूस बाहेर काढला तरी पिन तिथेच. दुसऱ्या दिवशी पथक तिकडे जातं आणि तेवढ्यात दुसरीकडचा वेळ गेलेला असतो. आणि जिथे फोनच चालत नाही तिथून पिन येतच नाही, म्हणजे नकाशावर जो भाग रिकामा दिसतो तोच बहुतेक वेळा सगळ्यात वाईट अवस्थेत असतो, हे वेबसाइट बघणाऱ्याला कोण समजावणार.

अजून एक, हे कुठे लिहिलेलं सापडणार नाही. अक्षांश रेखांश कसे लिहायचे ते आधीच ठरवून ठेवा. कोणी २७.५० लिहून पाठवतं, म्हणजे २७ अंश ३० मिनिटं. वायरलेसवर ऐकणारा ते २७ अंश ५० मिनिटं लिहून घेतो. फरक वीस मिनिटांचा, जमिनीवर तो जवळजवळ ३७ किलोमीटर होतो. डोंगरात ३७ किलोमीटर म्हणजे दुसरं खोरं, दुसरी नदी, कधी दुसरा जिल्हा. नकाशा कितीही भारी असला तरी इथे माती होते.

रेघोट्या:
बापरे, हे अंश-मिनिटांचं कधी डोक्यातच आलं नव्हतं. पिनांचं पटलं. पण मग हैतीत एसएमएसवरून नकाशा केला होता तो? आणि तुर्कीच्या वेळी पण ट्विटरवरच्या पत्त्यांचा नकाशा केलेला ना? ते चाललं मग आमचं का नाही चालणार? भांडत नाहीये, खरंच विचारतेय.

मालवाहू:
रास्त प्रश्न. हैतीत ४६३६ हा नंबर होता, फुकट एसएमएस. लोक हैतियन क्रेओलमध्ये लिहायचे, परदेशात राहणारी हैतीचीच माणसं ते इंटरनेटवरून भाषांतर करून जागा शोधून द्यायची, आणि अमेरिकेत टफ्ट्स विद्यापीठात बसलेली पोरं ते उशाहिदी या लोकांचे मेसेज नकाशावर दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नकाशावर चढवायची. म्हणजे बघा, नंबर देणारी मोबाइल कंपनी, भाषा आणि गल्ल्या ओळखणारी माणसं, नकाशावाले, आणि पुढे ते घेणारी पथकं, एवढी साखळी होती. सॉफ्टवेअर हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. आणि एवढं असूनही त्यातल्या किती मेसेजवर प्रत्यक्ष कोणी पोचलं यावर लोकांचे वाद झालेच.

तुर्कीत ६ फेब्रुवारी २०२३, पहाटे ४:१७ ला ७.८ आणि नऊएक तासांनी ७.५. ढिगाऱ्याखालचे लोक आणि त्यांचे नातेवाईक पत्ता ट्विट करत होते, तिथल्याच प्रोग्रामर लोकांनी एकत्र येऊन ते पत्ते आपोआप वेचून आफेत हारिता नावाचा नकाशा केला. चाललं कारण ते तिथले होते, पत्ता कसा लिहितात ते त्यांना माहिती, आणि बचाव करणाऱ्यांशी बोलायची सोय त्यांच्याकडे होती. तुमच्या पिना कोण उचलणार? याचं उत्तर असेल तर जरूर बनवा. नसेल तर ढिगाऱ्याखालच्या माणसाला वाटणार की कळवलंय, आता येतील कोणीतरी. यापेक्षा वाईट काही नाही.

धूसर_पिक्सेल:
पडलेल्या इमारती लाल करण्याबद्दल मी लिहितो, रिमोट सेन्सिंग, म्हणजे सॅटेलाइटच्या चित्रांवरून जमीन वाचणं, हा माझा रोजचा विषय आहे. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

सॅटेलाइट वरून बघतो, भूकंप इमारत खालून पाडतो. तळमजल्याचे खांब गेले की वरचे मजले एकावर एक बसतात, आणि कित्येकदा गच्ची तशीच्या तशी शाबूत राहते. पाच मजली इमारत दोन मजल्यांएवढी झालेली असते, आत माणसं अडकलेली असतात, आणि वरून फोटोत बघाल तर स्वच्छ चौकोनी गच्ची, पाण्याची टाकीसुद्धा जागेवर. तुम्ही तिला हिरवी करणार. सावली मोजून थोडा अंदाज येतो, पूर्वीच्या फोटोत सावली लांब होती आता आखूड झाली, पण त्यासाठी दोन्ही फोटो दिवसाच्या साधारण त्याच वेळेचे हवेत, नाहीतर सूर्याचा हिशेब करत बसा. भिंतींना तडे गेलेत, घर उभं आहे पण राहण्यालायक नाही, हे तर वरून दिसूच शकत नाही. फिलिपिन्समध्ये २०१३ च्या हैयान वादळानंतर स्वयंसेवकांनी फोटो बघून घरांचं नुकसान नोंदवलं होतं, नंतर जमिनीवर जाऊन पडताळलं तर बराच फरक निघाला. वादळात तर छप्परच उडतं, म्हणजे वरून दिसायला ते सोपं प्रकरण. भूकंप त्याहून अवघड.

फोटो कोणता आहे हेही बघा. युरोपच्या सेंटिनेल-२ सॅटेलाइटचे फोटो फुकट आहेत पण त्यांचा पिक्सेल १० मीटरचा, म्हणजे एक छोटं घर म्हणजे एक ठिपका, त्यात पडलंय का उभं आहे हे देवालाही सांगता येणार नाही. घरं बघायला ३०-५० सेंटिमीटरवाले व्यापारी फोटो लागतात, ते मोठ्या आपत्तीत खुले करतात, तुर्कीच्या वेळी मॅक्सार या सॅटेलाइट कंपनीने केले होते. वर ढग असतील तर तेही कामाचे नाहीत. मग रडार. रडारला ढग आणि रात्र दोन्हीची पर्वा नसते. भूकंपाआधीची आणि नंतरची, एकाच कक्षेतून घेतलेली रडार चित्रं ताडून बघितली की कुठला पृष्ठभाग खूप बदलला ते कळतं, नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेने नेपाळच्या वेळी इटलीच्या कॉस्मो-स्कायमेड या रडार सॅटेलाइटांचा डेटा घेऊन असा नकाशा काढला होता. पण तोही म्हणतो की या भागात काहीतरी बदललंय, त्या भागात पथक पाठवायला तेवढं पुरतं, अमुक घर पडलं असं छातीठोक त्यावरून सांगू नये.

हे काम करणारी यंत्रणाही आहे. इंटरनॅशनल चार्टर म्हणून अवकाश संस्थांचा करार आहे, २००० पासून चालू, इस्रो २००१ पासून त्यात आहे. अधिकृत संस्थेने मागणी केली की सगळे आपापले सॅटेलाइट तिकडे वळवतात आणि डेटा फुकट देतात. युरोपची कोपर्निकस ही आपत्ती-नकाशा सेवा वेगळी, ती नुकसानीचे तयार नकाशे काढून देते. तुम्ही सात-आठ जणांनी त्यांच्याशी स्पर्धा करू नये असं माझं प्रामाणिक मत.

वरून खरंच छान दिसतात त्या दरडी. हिरव्या डोंगरावर ताजा मातकट ओरखडा लपत नाही. नेपाळनंतर शास्त्रज्ञांच्या गटाने फोटो बघून चार हजारांवर दरडी नोंदवल्या. लांगटांग गावावर तर बर्फ-दगडांचा लोटच आला, गाव होतं तिथे करडा पट्टा. दरड, तिने अडवलेली नदी, मागे साठणारं पाणी, हे वरून बघायचं काम आहे. ते करा.

तिरकस:
सगळं वाचलं. माझं मत वेगळं आहे, रागावू नका. भूकंप झाल्यावर हजारो नवखे लोक येतात, वेड्यावाकड्या रेघोट्या मारतात (आयडीवरून टोमणा नाही हं), प्रोफाइलवर टाकायला फोटो काढतात आणि परत कधी फिरकत नाहीत. मागे निस्तरायला तपासणारे पाच-दहा जण. खळ्याला घर म्हणून ठेवतात, ओढ्याला रस्ता म्हणून ठेवतात. ढिगाऱ्याखालून माणूस जिवंत निघायची शक्यता पहिल्या तीन दिवसांनंतर झपाट्याने कमी होते, तोपर्यंत ताजे फोटो येऊन चौकोन कापून कामाला सुरुवात होते न होते. मग उपयोग कोणाला?

जुना_मॅपर:
@तिरकस, अर्धं बरोबर आहे. पहिले तीन दिवस माणसं वाचवतात ती शेजारीपाजारी आणि तिथली पथकं, नकाशावाले नाहीत, असा दावा कोणी करू पण नये. पण मदतकार्य तीन दिवसांचं नसतं, महिनोन्‌महिने चालतं. तंबू, पाणी, दवाखाने, मग शाळा, मग घरांची मोजणी आणि अनुदान, या प्रत्येकाला किती घरं आणि कुठे हे लागतंच.

आणि तुम्ही जे म्हणताय त्यावर उपाय एकच, आग लागल्यावर विहीर खणायची नाही. नेपाळमध्ये २०१५ ला काम जमलं ते त्या एप्रिलमुळे नाही. २०१२ पासून काठमांडू खोऱ्यात जागतिक बँकेच्या ओपन सिटीज प्रकल्पातून शाळा आणि दवाखान्यांची माहिती नकाशात भरायला सुरुवात झाली होती, कॉलेजची मुलं हिंडून भरत होती, २०१३ मध्ये त्यातूनच काठमांडू लिव्हिंग लॅब्ज ही तिथली नकाशावाल्यांची संस्था उभी राहिली. भूकंप झाला तेव्हा काम कसं वाटायचं, कोणाला काय येतं, लष्कर आणि रेडक्रॉसमधल्या कोणाशी बोलायचं हे माहिती असलेली माणसं तिथेच होती. बाहेरच्या हजारो लोकांच्या रेघांना त्यामुळे अर्थ आला. घराचा आकार मी इथे बसून काढीन, पण ते घर म्हणजे दवाखाना आहे आणि त्याच्या मागे बोअरवेल आहे हे तिथलाच माणूस सांगणार.

मिसिंग मॅप्स नावाचा उपक्रम २०१४ पासून हेच करतो, आपत्ती यायच्या आधी नकाशे काढून ठेवायचे. तिथे ना बातम्या ना गर्दी, म्हणून माणसं कमी पडतात.

रेघोट्या:
@तिरकस टोमणा पोचला आणि आवडला पण 😄

ठीक आहे, वेबसाइट रद्द. ग्रुपवर सांगितलं तर एकाने लगेच विचारलं की आता एआय सगळी घरं आपोआप काढतं, मग हाताने कशाला? आणि तपासायचं काम नवख्यांना देतात का?

धूसर_पिक्सेल:
काढतं, आणि मोकळ्यावर सुटी सुटी घरं असतील तर बऱ्यापैकी काढतं. मायक्रोसॉफ्टने अशा आपोआप काढलेल्या घरांचा खुला डेटा दिलेलाच आहे. पण दाट वस्तीत पत्र्याला पत्रा लागलेला असतो तिथे वीस घरांचा एक गठ्ठा करून ठेवतं, मोठ्या खडकालाही घर म्हणतं, आणि झाडाखालचं घर सोडून देतं. घरं मोजून ताडपत्री भरणाऱ्या मालवाहूंना वीसच्या जागी एक घर दिसलं तर काय होईल बघा. मशीनने काढलेलं माणसाने तपासून मग टाकायचं, आंधळेपणाने अपलोड केलंत तर ओपनस्ट्रीटमॅपवाले सरळ काढून टाकतात, आणि योग्यच करतात.

मालवाहू:
मध्येच एक. जे काही कराल त्यात माणसांची नावं, फोन नंबर, कोणत्या तंबूत कोण राहतं असलं काही उघड्या नकाशावर टाकू नका. आपत्तीत चोर, दलाल, पोरं पळवणारे सगळे जागे असतात आणि त्यांनाही नकाशा वाचता येतो.

जुना_मॅपर:
तपासणीचं, नवख्यांना लगेच देत नाहीत, आधी बरंच मॅपिंग करावं लागतं. तुम्ही असं करा, टास्किंग मॅनेजरवर सोप्या पातळीचा घरांचा प्रोजेक्ट घ्या, सगळ्यांनी एकत्र कॉलवर बसून स्क्रीन शेअर करून पहिला चौकोन एकानेच काढायचा आणि बाकीच्यांनी चुका काढायच्या. प्रोजेक्टच्या सूचना आधी वाचा, बहुतेक लोक वाचत नाहीत, त्यात कोणता फोटो वापरायचा ते दिलेलं असतं. सेव्ह करताना कॉमेंटमध्ये आपोआप येणारा हॅशटॅग काढू नका, पुढे काम शोधायला आणि मोजायला तोच लागतो. थोडं थोडं सेव्ह करा, एकदम तीनशे घरं काढून मग सेव्ह केलं आणि मधल्या वेळात दुसऱ्याने तिथेच काही बदललं असेल तर सोडवताना रात्र जाते.

ज्या दोघींना क्यूजीआयएस येतं त्यांना रेघा ओढायला बसवू नका. हॉटच्या एक्सपोर्ट टूलवरून ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा काढून ए४ वर काळ्या-पांढऱ्यात छापता येईल असा नकाशा बनवायची सवय करा, लाल-हिरवं झेरॉक्समध्ये सारखंच करडं दिसतं. ए४ वर मावेल असं काम फार कमी लोकांना नीट जमतं.

मालवाहू:
आणि कोपऱ्यात तारीख आणि वेळ छापा. पाच दिवसांपूर्वीचा नकाशा आणि आजचा नकाशा टेबलावर सारखेच दिसतात.

रेघोट्या:
नोंद केली. रविवारी कॉल ठेवलाय, डोंगराळ भागातला पायवाटांचा एखादा प्रोजेक्ट उघडा असेल तर लिंक टाका कोणीतरी, नसेल तर घरांपासून सुरू करतो.

तिरकस:
रविवारी मी पण येतो. चुका काढायला.